आरोला ते झेरमाट: स्की आणि बाइंडिंग निवडताना माझं काय चुकलं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी मैत्रीण आणि आमचे गाइड, स्वित्झर्लंडमधल्या आरोलाहून निघून तिसऱ्या दिवशी झेरमाटला स्कीवरून उतरलो. फ्रान्समधल्या शामोनीपासून झेरमाटपर्यंत आल्प्समधून जाणाऱ्या प्रसिद्ध ओत रूट या स्कीवाटेचा हा शेवटचा टप्पा. वाटेची वर्णनं भरपूर मिळतात, म्हणून मी पायाखालच्या सामानाबद्दलच, म्हणजे स्की आणि तिला बूट अडकवणाऱ्या बाइंडिंगबद्दल, जास्त लिहिणार आहे. तीन दिवस माझ्या डोक्यात तोच विषय होता, आणि निघण्यापूर्वी हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझी जोडी फ्रीराइडची, म्हणजे खोल मऊ बर्फात उतरण्यासाठी बनवलेली होती. कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी १०६ मिमी, एका स्कीचं वजन १९०० ग्रॅम आणि वर हायब्रिड बाइंडिंग. हायब्रिड म्हणजे चढताना बुटाचा पुढचा भाग दोन पिनांमध्ये अडकतो आणि उतरताना तेच बाइंडिंग नेहमीच्या अल्पाइन बाइंडिंगसारखं बूट धरतं. हे एकेक बाइंडिंग ९०० ग्रॅमचं. मैत्रिणीची स्की ८८ मिमी कमरेची, १३५० ग्रॅमची, तिच्यावर ब्रेकसह ३५० ग्रॅमचं पिन बाइंडिंग. स्किन, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, धरून माझ्या प्रत्येक पायाला तिच्यापेक्षा सव्वा किलोच्या आसपास जास्त ओझं होतं.

आरोलाच्या आधी एक दिवस आम्ही व्हर्बिए या स्कीच्या गावात काढला. लिफ्टने वर जायचं आणि माँ फोर शिखराच्या मागच्या बाजूने मऊ बर्फात उतरायचं. त्या दिवशी माझ्या स्कीनी मला जे सुख दिलं ते मी विसरणार नाही. पुढचं टोक उचललेलं, म्हणजे रॉकर मोठा, त्यामुळे स्की बर्फात बुडत नव्हती. तुडवलेल्या ओबडधोबड बर्फावर तिचं वजनच तिला स्थिर ठेवत होतं. मैत्रिणीची हलकी स्की अशा जागी हादरत होती, आणि ती माझ्याआधी दमली. संध्याकाळी माझी खात्री झाली की मी योग्य तेच आणलं आहे. चूक इथेच झाली. सहलीतल्या सगळ्यात चांगल्या बर्फावरून मी बाकीच्या दिवसांचा अंदाज बांधला.

पहिला दिवस: आरोला सुमारे २००० मीटरवर आहे, तिथून पा द शेव्र ही खिंड २८५५ मीटरवर. साडेआठशे मीटरचा चढ. सरळ हिशेब करून पाहा. पाच किलोमीटरच्या वाटेवर ६० सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर आठ हजारांवर पावलं होतात, प्रत्येक पायाची चार हजार. प्रत्येक वेळी सव्वा किलो जास्त पुढे सरकवायचं, म्हणजे दुपारपर्यंत एका पायाने पाच टन जास्तीचे ढकलले. स्की उचलत नाहीत, घसरवतात, त्यामुळे सगळं वजन अंगावर येत नाही हे खरं. पण किक टर्नला, म्हणजे उभ्या चढावर जागच्या जागी दिशा बदलताना, ती उचलावीच लागते, आणि तीव्र चढावर वळणं एकामागून एक येतात. लांब, रुंद, जड शेपटाची, म्हणजे मागच्या टोकाची, स्की हवेत फिरवताना माझ्या मांडीचे स्नायू तिसाव्या वळणाला थरथरायला लागले.

खिंडीच्या पलीकडे लोखंडी शिड्या आहेत. तिथे स्की पाठपिशवीला बांधून उतरावं लागतं. जे जाणार आहेत त्यांनी स्की शक्य तेवढ्या वर बांधाव्यात, नाहीतर शेपटं पायऱ्यांवर आपटतात आणि तोल जातो. खाली हिमनदी ओलांडून थोडा चढ चढलं की २९२८ मीटरवरची दीस हट, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, येते.

दुसरा दिवस पिन्य दारोला या शिखराचा, ३७९० मीटर. पहाटे बर्फ काचेसारखा टणक होता. सेरपाँतीनच्या उतारावर आडवं जाताना रुंद स्की काय करते ते मला त्या दिवशी कळलं. स्कीची पोलादी कड बुटाच्या मध्यापासून दूर असते, त्यामुळे प्रत्येक पावलाला घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळतो आणि कड बर्फात रुतण्याऐवजी निसटते. गाइडने स्की क्रॅम्पॉन, म्हणजे टणक बर्फात रुतणारे दाते, लावायला सांगितले. मैत्रिणीचे दोन मिनिटांत लागले. माझे लागेनात. मी १०० मिमीचे क्रॅम्पॉन घेतले होते, ते १०६ मिमीच्या स्कीवरून खाली जाणं शक्यच नव्हतं. घरी एकदा लावून पाहिले असते तर दहा सेकंदांत कळलं असतं. त्या उतारावर स्की काढून, बुटाचे क्रॅम्पॉन चढवून, स्की पाठीवर घेऊन मी शंभरेक मीटर चढलो. गाइड माझ्या खालच्या बाजूला उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला पुरेसा होता.

म्हणून क्रॅम्पॉनबद्दल स्पष्टच सांगतो: ते तुमच्या बाइंडिंगच्या बनावटीला जुळणारे हवेत आणि स्कीच्या कमरेपेक्षा थोडे रुंद हवेत. काही हायब्रिड बाइंडिंगना त्यासाठी वेगळा जोड लागतो. ब्रेकचंही तसंच. कमरेइतका किंवा दहा-पंधरा मिमी जास्त, त्याहून रुंद नको, नाहीतर वळताना ब्रेकचे पाय बर्फाला लागतात.

शिखरावरून उतरताना मैत्रिणीच्या बाबतीत घडलेली गोष्टही सांगायलाच हवी. पहिल्याच वळणाला तिचा बूट सुटला. पिन बाइंडिंगच्या पुढच्या भागाखाली, स्प्रिंगजवळ, बर्फाचा गोळा अडकला होता, म्हणून पिना बुटाच्या खोबणीत पूर्ण बसल्याच नव्हत्या. ब्रेकमुळे स्की दहा पावलांवर थांबली. भेगांच्या हिमनदीवर ब्रेक नसता तर स्की पुन्हा मिळाली नसती. तेव्हापासून आम्ही दोघंही बाइंडिंगखाली बोट फिरवतो, बुटाच्या खोबण्या काडीने साफ करतो, आणि पुढचा भाग अडकवल्यावर टाच मोकळी ठेवून पाय दोन-चारदा झुलवून पाहतो.

पिन बाइंडिंगची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, १९८० च्या दशकातली. पुढे ते डायनाफिट कंपनीच्या नावाने जगभर पोचलं. त्यात बुटाला धरणारं फार थोडं लोखंड असतं, म्हणून ते इतकं हलकं. पण त्याच कारणाने त्याची लवचीक हालचाल, म्हणजे धक्का बसल्यावर न सुटता थोडं सरकून परत जागेवर येणं, कमी असते. टणक, खडबडीत बर्फावर धक्के थेट गुडघ्यात येतात आणि मोठ्या उडीवर बूट अवेळी सुटू शकतो. ज्यांना लिफ्टवरून उतरून कड्यांवरून उड्या मारायच्या आहेत त्यांनी हायब्रिडच घ्यावं, तिथे वजनाचा विचार करू नये. पिनच्या पुढच्या भागाला चढताना लावायचं कुलूप असतं. ते लावलं की बाइंडिंग सुटत नाही. उतरण्याआधी ते काढायला विसरू नका: कुलूप लागलेलं असताना पडलात तर पाय मोडू शकतो, आणि हिमस्खलनात सापडलात तर स्की तुम्हाला जहाजाच्या नांगरासारख्या खाली ओढतात. सुटण्याचा आकडा, म्हणजे डीआयएन, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. धाडसावरून नाही.

रात्र विन्येत हटवर, ३१६० मीटर. हट आधी आरक्षित करावीच लागते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. तीन खिंडी: एव्हेक, माँ ब्रुले आणि ३५०० मीटरहून उंच व्हालपेलिन. जवळपास ३० किलोमीटर. माँ ब्रुलेच्या शेवटच्या उभ्या टप्प्यावर बहुतेक सगळेच स्की पाठीवर घेऊन बुटांनी चढतात, आणि तिथे माझ्या स्कीचं वजन खांद्यांना कळलं. पलीकडे थोडा वेळ इटलीच्या हद्दीतून, त्सा द त्सान हिमनदीवरून जायचं. व्हालपेलिनवर पोचलो तेव्हा समोर मॅटरहॉर्न शिखर होतं. मी खूप वेळ बघत उभा राहिलो.

पुढचा उतार मात्र माझ्या स्कीचा होता. वरच्या श्टोकजी हिमनदीवर वाऱ्याने कवच धरलेला बर्फ, खाली उन्हाने ओला, जड झालेला. मैत्रिणीची अरुंद स्की कवच फोडून आत जात होती, माझी वरून चालत होती. त्या दीड तासासाठी मी तीन दिवस ओझं वाहिलं होतं. ते परवडलं असं मला वाटत नाही, पण तो दीड तास खरा होता. उन्हाळू दिवसांत या उतारावर उशीर करू नये. दुपारी ओला बर्फ वरच्या उभ्या बाजूंवरून घसरतो. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं बीकन यंत्र, फावडं आणि शोधकाठी तिघांकडेही होती.

आता मी दोन जोड्या ठेवल्या आहेत. १०६ मिमीची लिफ्टसाठी, हायब्रिडसह. टूरिंगसाठी, म्हणजे स्कीवरूनच चढून उतरायच्या सहलींसाठी, ९५ मिमी, १४५० ग्रॅमची, मधोमध चांगला कॅम्बर म्हणजे वर उचललेली कमान असलेली, पुढे थोडा रॉकर, सपाट शेपूट म्हणजे स्किनची पकड पक्की बसते. ज्यांना एकच जोडी परवडते त्यांना मी ९५ ते १०० मिमी कमरेची स्की आणि ब्रेक असलेलं चांगलं पिन बाइंडिंग सुचवेन. पण त्याआधी बूट. पायाला बसणारा, पिनसाठी खोबण्या असलेला बूट मिळाल्याशिवाय बाइंडिंग बघूच नका, कारण बाइंडिंग बसवायची स्कीतली भोकं बुटाच्या तळाच्या लांबीवरून मारली जातात. पिन बाइंडिंगला टाच आणि बाइंडिंग यांमध्ये कंपनीने सांगितलेलं अंतर, बऱ्याच मॉडेलना चार मिमी, ठेवावं लागतं. ते कमी राहिलं तर खळग्यात स्की वाकल्यावर बूट जाम होतो. ड्रिलचा व्यासही स्कीवरच लिहिलेला असतो, बहुधा ३.५ मिमी किंवा धातूचा थर असेल तर ४.१. जवळजवळ भोकं परत परत मारली की स्कीचा गाभा कमकुवत होतो, म्हणून पहिल्यांदाच नीट मोजून घ्या. स्किन कापताना दोन्ही बाजूंनी पोलादी कड उघडी ठेवा.

नवीन जोडीला क्रॅम्पॉन मी खरेदीच्या दिवशीच दिवाणखान्यात लावून पाहिले. राहिलेला शामोनी ते आरोला टप्पा पुढच्या मार्चमध्ये तिच्यावर करायचा बेत आहे, आणि या वेळी मैत्रीण तिची स्की मला दोन दिवस चालवायला देणार आहे.