आमची वाटचाल : डंका, तिखट आणि दारापुढची नाली

भिवापुरी मिरचीच्या पट्ट्यात तिखट करणाऱ्यांची कमी नाही. हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, बायका देठ खुडत बसतात, खोकल्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही. त्यात आमचं नाव टिकलं ते वडिलांनी बसवलेल्या डंक्यामुळे, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रामुळे. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, भराभर माल काढतो, पण तापतो आणि मिरचीचा रंग उतरवतो. डंक्याचं मुसळ आपल्या चालीनं पडतं, तिखट कोमट राहतं, वास जात नाही. चाळलेला माल आम्ही लोहचुंबकावरून सोडतो. संध्याकाळी चुंबक पुसलं की फडक्यावर काळी बुकटी उतरते. लोखंडाचा तो कीस ज्यानं एकदा पाहिला, तो चुंबकाशिवाय किलोभरही तिखट विकणार नाही.

मग तालुक्याला आमच्याच धंद्यातल्या एकानं मोठं युनिट टाकलं. भाव पाडूनही आमची गिऱ्हाईकं हलेनात, तेव्हा ‘यांच्या तिखटात भेसळीचा रंग आहे’ असं त्यानं बाजारभर केलं. पाठोपाठ निनावी तक्रार गेली. कोणी केली, हे उभ्या बाजाराला माहीत होतं.

अन्न सुरक्षा अधिकारी आले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मालाची किंमत मोजली, नमुन्याचे चार भाग केले, सील लावलं. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, असं मी तिथंच लेखी दिलं. तो खर्च आपल्याला करावा लागतो, तरी करावा. सरकारी आणि तिथला, असे दोन्ही अहवाल स्वच्छ आले. रंग नाही, ओलावा ११ टक्क्यांच्या आत. पण अहवाल येईपर्यंत दुकानदारांनी पाकिटं परत केली होती आणि हंगाम हातचा गेला होता.

त्या दिवसांत माल घेत राहिल्या त्या उमरेडच्या खानावळवाल्या काकू. “काहून घाबरतं भाऊ? माह्या तर्रीचा रंग मले मालूम हाय,” म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्याचे पैसेही आधीच देऊन गेल्या. त्या पैशावर मी मजुरी भागवली.

खरा घोर पुढे लागला. तपासणीत सुधारणा नोटीस मिळाली, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ ची. आत जाळ्या कमी होत्या, त्या आठवड्यात बसवल्या. मजुरांच्या वैद्यकीय तपासण्या झालेल्याच होत्या. दोन मुद्दे मात्र माझ्या हातातले नव्हते : दारापुढे तुंबलेली उघडी नाली आणि नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, आणि त्यात परवाना, तपासणी, नमुना हे सगळं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. नाली आणि पाणी ही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावाची कामं. ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं, “परवाना तुमचा, नोटीस तुमची, तुम्हीच पाहून घ्या. निधी आला की बघू.” नोटिशीची मुदत निधीसाठी थांबत नाही. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो, आणि तो माझा होतो, सरपंचाचा नाही. शेवटी पाइप मी आणला, गवंडी मी लावला, पाण्याचा नमुनाही स्वतःच तपासून घेतला. घरपट्टी-पाणीपट्टी एक वर्षही थकवलेली नसताना!

पुढची वर्षं नीट गेली.

नव्यानं या धंद्यात उतरणाऱ्या पोरांनो, जागा घेताना विजेच्या आधी नालीचा उतार पाहा. ग्रामपंचायतीला दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांकाची पोच घ्या आणि तिची प्रत परवान्याच्या फाइलीतच लावा. अधिकारी आले की तीच पुढे करा. पाण्याचा अहवाल मागायला कोणी येईपर्यंत थांबू नका. मिरची उन्हात कडक वाळल्याशिवाय डंक्यात टाकू नका, व्यापारी कितीही घाई करो.

पाइपच्या खर्चाची मागणी मी दर ग्रामसभेत मांडतो. इतिवृत्तात ती नोंदवून घेतल्याशिवाय सही करत नाही.