१३७ इंची ट्रॅक, ९६ स्टड: आखणी एकदाची ठरली

माझ्या स्नोमोबाईलच्या ट्रॅकला, म्हणजे तिला बर्फावरून पुढे ढकलणाऱ्या अखंड रबरी बेल्टला, स्टड (बर्फात रुतणारे टोकदार बोल्ट) लावायचे हे मागेच ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते किती आणि नेमके कुठे यावर. आता खडूच्या खुणा ट्रॅकवर उमटल्या आहेत, ड्रिल अजून हातात घेतलेलं नाही, तेव्हा हिशेब मांडून ठेवतो.

ट्रॅक १३७ इंच लांब, १५ इंच रुंद, सव्वा इंची लग (ट्रॅकवरचे उंच रबरी दाते), पिच (दोन ओळींमधलं अंतर) २.८६ इंच. भागाकार केला की ४८ आडव्या ओळी निघतात. प्रत्येक ओळीत दोन स्टड, म्हणजे ९६, आणि सगळे मधल्या पट्ट्यात. बाहेरच्या दोन पट्ट्यांचा विचार लगेच सोडला, कारण माझा ट्रॅक सिंगल-प्लाय (आत कापडाचा एकच थर असलेला) आहे. तिथल्या रबराला स्टडचा झटका झेलायला पुरेसा आधार नसतो, भोकं फाटत जातात. टू-प्लायवाल्यांनी तो विचार खुशाल करावा.

स्टड म्हटलं की लोक पिकअपबद्दल बोलतात. मला ब्रेकची काळजी जास्त. स्नोमोबाईलचा ब्रेक फक्त ट्रॅक थांबवतो, पुढच्या स्कींना ब्रेक नसतोच. गोठलेल्या तलावावर ब्रेक दाबला, ट्रॅक जाम झाला आणि त्याला काही टोचायलाच नसलं, तर गाडी आपल्या मर्जीने सरकत राहते. म्हणून मी जागा निवडताना एकच प्रश्न विचारत गेलो: या टोकाला कोरा बर्फ मिळणार का?

कारण प्रत्येक टोक कडक बर्फावर आपली एक रेघ ओढतं. मागचं टोक त्याच रेघेत पडलं तर त्याच्या वाट्याला आधीच फोडलेला चुरा येतो. ९६ स्टड लावून ते मोजक्याच रेघांवर चालवले, तर त्यातले बरेचसे नुसतं वजन वाढवतात. आकड्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा रेघा मोजाव्यात, हे माझं मत आता पक्कं झालंय.

तीन ओळींनंतर तोच साचा परत आणला तर सहा रेघा होतात आणि एका रेघेवर दर ८.५८ इंचांनी टोक येतं. सहा ओळींचा साचा घेतला तर बारा रेघा होतात आणि अंतर दुप्पट, १७.१६ इंच. पाच किंवा सात ओळींचा साचा ४८ मध्ये बसत नाही, फेरी पूर्ण होते तिथे तो तुटतो. आठचा बसतो, पण मग सोळा रेघा मधल्या पट्ट्यात इतक्या दाटीने येतात की आखताना हात थरथरला तरी दोन रेघांची एक होईल. सहावर थांबलो. रेघांमध्ये साधारण अर्धा इंच.

दिसायला सगळ्यात देखणी मांडणी म्हणजे व्ही: दोन्ही बाजूंचे स्टड मध्यापासून सारखे बाहेर सरकत जातात. कागदावर झकास, पण व्हीच्या टोकाशी दोन स्टड अर्ध्या इंचावर येतात आणि तिथे दोन बॅकर (नटाखाली बसणाऱ्या आधाराच्या प्लेट) शेजारी मावतच नाहीत. मग समांतर मांडणी घेतली. डावा स्टड पहिल्या रेघेवर असेल तर उजवा सातव्या, डावा दुसरीवर तर उजवा आठवीवर. एका ओळीतल्या जोडीत कायम तीन इंच राहतात. ओळींचा क्रमही सरळ एक-दोन-तीन ठेवला नाही, १, ४, २, ६, ३, ५ असा फिरवला. सरळ तिरकी रांग राहिली असती तर शेजारच्या ओळींतली भोकं जवळजवळ पडली असती. ट्रॅकला तेवढी विश्रांती मिळाली तर बरं.

आता प्रत्यक्ष रबराकडे. जाड कागदाचा सहा ओळींचा साचा कापला, गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवला, इंजिन बंद, ट्रॅक हाताने फिरवत खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर बॅकर ठेवून बघणं हे कंटाळवाणं काम टाळू नका. चौथ्या रेघेवर बॅकरचा एक कोपरा लगच्या पायथ्यावर चढत होता. बोटाने दाबला की टुकटुक हलायचा. असा बॅकर नट आवळल्यावर सपाट बसत नाही, स्टड वाकडा उभा राहतो आणि पहिल्याच कडक बर्फात भोक लांबट करतो. ती रेघ तीन मिलिमीटर आत घेतली, बॅकर गप्प बसला. लगच्या बरोबर खाली ट्रॅकमध्ये फायबरग्लासचे आडवे दांडे असतात, त्यांना ड्रिल लागता कामा नये. आतल्या बाजूने ड्राइव्ह लग (ट्रॅक फिरवण्यासाठीचे आतले दाते) आणि ट्रॅकला आतून टेकणाऱ्या बोगी चाकांची वाटही तपासली, कारण स्टडचं चपटं डोकं तिकडेच येणार.

लांबीबद्दल थोडक्यात: टोक लगच्या वर पाव इंच ते फार तर तीन-अष्टमांश इंच. त्याहून उंच स्टड बर्फात वाकतो आणि उपटून निघतो. वर टनेलमध्ये (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यात) हीट एक्सचेंजर, म्हणजे इंजिनचा कूलर, आहे, तिथे टनेल प्रोटेक्टर लावल्याशिवाय इंजिन सुरू करणार नाही. ट्रॅक सैल असला तर वेगात फडफडतो आणि टोकं कूलरला भोसकतात, म्हणून ताणही पुस्तकात दिल्याप्रमाणे आधी जुळवून घेणार.

भोकांसाठी पोकळ टोकाचं ट्रॅक ड्रिल घेतलंय. ते रबराची चकती गोल कापून काढतं, साध्या ड्रिलसारखं आतले धागे ओढून विस्कटत नाही. नट आवळताना स्टडचं डोकं आतल्या पृष्ठभागाशी सपाट होईल इतपत रबरात बसवायचं, आणि पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे.

राहिला प्रश्न स्कींचा. मागे पकड वाढली की पुढे स्कीखालच्या रनरवरचं कार्बाइडही (बर्फात रुतणारी कडक धातूची धार) वाढवावं लागतं, नाहीतर हँडल वळवूनही गाडी सरळ रेटत जाते. उलट कार्बाइड जास्त झालं तर वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. मध्ये ९६ स्टड, बाहेर एकही नाही, अशा मांडणीला ४ इंची कार्बाइड पुरतं की ६ इंचीकडे जावं, यावर अडकलोय. समांतर मांडणी चालवलेली मंडळी असतील तर वळणावरचा अनुभव सांगा, तोवर मी रनर विकत घेत नाही.