लायसन लागत नाही, पण तसं लिहून आणा

एअर रायफल शूटिंग घरी सुरू करायला काय काय लागतं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. रायफल कुरियरच्या गोदामातून सोडवायला काय लागतं ते कुणी सांगत नाही, म्हणून आधी तेच.

२०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मि.मी.पर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदाराने आधार, पॅन घेतलं, बिल पाठवलं, पार्सल फोंड्याला पोचलं आणि तिथेच बसलं. काउंटरवरचा मुलगा लेबल वाचून म्हणतो, "बाय, ही बंदूक न्हय? लायसन हाडा." म्हणजे आणा. मी नियम सांगितला. मग म्हणे, लायसन लागत नाही असं पोलिसांकडून लिहून आणा. पोलीस स्थानकात हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ज्याला परवानाच नाही, त्याचं पत्र आम्ही कशाच्या आधारावर देणार?" बरोबरच होतं त्यांचं. तेच परत कुरियरच्या काउंटरवर येऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." मिस्टरांना यातलं ओ की ठो कळत नाही. रायफल माझी, बिल माझ्या नावावर. त्याहून कहर म्हणजे मी त्याच काउंटरसमोर उभी असताना मोबाइलवर मेसेज आला: ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही.

शेवटी दुकानदाराकडून लेटरहेडवर पत्र मागवलं. नळीचा व्यास, ज्यूल, परवान्याची गरज नाही, सोबत नियमाची प्रत. ते कुरियरच्या वरच्या ऑफिसला मेल केलं आणि त्यांचं उत्तर छापून काउंटरवर ठेवलं. मुलाने निमूट खोकं काढून दिलं. तेव्हा ऑर्डर देतानाच दुकानदाराला सांगा, हे सगळं बिलावर लिही आणि एक प्रत खोक्यावर चिकटव. मी ते बिल अजून रायफलच्या बॅगेतच ठेवते.

आता खर्चाचं. स्प्रिंगवाली, नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायची रायफल घ्या. हवा भरायच्या रायफली अचूक खऱ्या, पण त्यांना २०० बारच्या आसपास दाब लागतो आणि पंपाचा खर्च वेगळा. छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नसताना चाप ओढू नका, आतला पिस्टन आपटतो.

अंतर १० मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. आमच्या जुन्या घरात पुढच्या दारापासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत एवढं सरळ अंतर मिळतं; बाजूची दारं आतून कडी लावून बंद, मगच रायफल हातात. लक्ष्याच्या कार्डावरचं काळं वर्तुळ ३०.५ मि.मी.चं आणि मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मि.मी. पहिले काही आठवडे त्या ठिपक्याकडे बघूसुद्धा नका.

छर्रे अडवायचं खोकं विकत घेतलं नाही. लाकडी पेटी, मागे जाड पोलादी पत्रा, पुढे जुन्या चादरी ठासून भरलेल्या. चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारायचं नाही, छर्रा उलटून येतो. डोळे वाचवायच्या चष्म्यावर मात्र काटकसर नको. छर्रे शिशाचे असतात, नंतर साबणाने हात धुवायचे, मगच चहा.

शेजारचे काका लगेच म्हणाले, "माडावरची माकडं हाकलून दे गो." नाही म्हटलं. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, आणि रायफल त्यासाठी आणलेलीच नाही.

पावसाळ्याचं राहिलंच. जून लागला की रायफल फोमच्या खोक्यात बंद ठेवू नका, फोम ओल धरतो आणि नळीला गंज चढतो. तेलाचं फडकं फिरवून कुलपाच्या कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

आणि छर्रे वेगळे मागवा. माझा डबा कुणी काही न विचारता दारात आला.