ट्रेमधल्या चार सिरिंज

जुलैतली सकाळ होती. आमचा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड पावसाळ्यात भरतो तसा भरला होता. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), डेंगी, जुलाब-उलट्या, आणि खाटा संपल्यामुळे व्हरांड्यातही रुग्ण. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर मी. पावणेआठला ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घ्यायला पोचले तर नाइटची स्टाफ नर्स ट्रॉलीपाशी उभी. पुढ्यात किडनी ट्रे, त्यात भरलेल्या चार सिरिंज आणि बाजूला चार रिकाम्या ॲम्प्यूल.

"सिस्टर, ह्या तुमच्यासाठी ठेवल्यात," ती म्हणाली. "ह्यांतल्या एकीत केसीएल आहे. कुठलीत, ते मला कळत नाही."

केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. लेप्टोमध्ये मूत्रपिंडं बिघडली तरी पोटॅशियम वाढतंच असं नाही, पुष्कळदा उलट उतरतं, म्हणून पावसाळ्यात हे औषध आम्हांला रोज लागतं. दहा मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. ते सलाईनच्या बाटलीत मिसळायचं आणि वॉर्डात तासाला १० च्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे एक ॲम्प्यूल जायला निदान दोन तास. तेच थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. आणि अँटिबायोटिकची पावडर विरघळवायचं पाणी? तेही दहा मिलीच्याच पारदर्शक प्लास्टिकच्या ॲम्प्यूलमध्ये येतं. फरक फक्त छापील अक्षरांचा. सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकची पावडर विरघळली की रंग फिकट पिवळा होतो, मग पाण्यात विरघळलेली कुठली आणि केसीएलमध्ये कुठली हे सिरिंज उजेडात धरूनही ओळखता येत नाही.

सहाचे डोस तिनं एकदम भरले होते. अकरा नंबरच्या रुग्णाच्या आयव्हीचं टोपण उघडलं, सिरिंज लावली, आणि दट्ट्या दाबण्याआधी तिची नजर ट्रॉलीवरच्या रिकाम्या ॲम्प्यूलकडे गेली. तीनांवर एक नाव, चौथीवर दुसरं. सिरिंज काढून घेतली, चारही बाजूला ठेवल्या, नवे डोस भरले, एकेक नाव मोठ्यानं वाचत दिले, बीपी घेतले, चार्ट लिहिले. त्या चार सिरिंज कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. तिनं त्या जपून ठेवल्या. माझ्या २६ वर्षांच्या नोकरीत मी याहून प्रामाणिक काम पाहिलेलं नाही.

"बाय, तू आधी बस," म्हणून मी तिला लिननच्या खोलीत नेलं. चहाचा ग्लास तिला दोन्ही हातांनी धरता येईना. रात्रीची हकिकत तुटक तुटक बाहेर आली. ड्युटीवर दोघी होत्या. साडेतीनला एका लेप्टोच्या रुग्णाला धाप लागली, त्याला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं आणि सीनियर स्टाफ ॲम्ब्युलन्समधून त्याच्याबरोबर गेली. मागे ही एकटी आणि ३४ रुग्ण. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तर तिघांमागे एक. तिनं संध्याकाळी घरून निघताना खाल्लेलं तेवढंच. आणि ती तिची सलग पाचवी नाइट होती.

ती पाचवी नाइट मी लावली होती. दुसरीचं मूल तापानं फणफणलं होतं, लिस्टमध्ये जागा रिकामी राहत होती, आणि ही कंत्राटावरची मुलगी नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. ट्रॉलीत केसीएलचा खण पाण्याच्या खणाला लागून होता, हेही ठाऊक होतं. वेगळा करायचा असं मी दोन वर्षं म्हणत होते.

मेट्रन मॅडमना, म्हणजे आमच्या परिचारिकांच्या प्रमुखांना, सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "नाव काय तिचं? मेमो काढावा लागेल." मी रिपोर्ट लिहिला. ट्रॉलीची मांडणी लिहिली, ड्युटी लिस्ट जोडली, आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात इन्चार्ज म्हणून माझं नाव घातलं. मॅडम वाईट नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण चुकता चुकता वाचलेली गोष्ट सांगणाऱ्याला मेमो मिळाला, तर पुढची मुलगी त्या सिरिंज पिशवीतच टाकेल.

त्याच दिवशी दुपारी तीनला कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाचं सत्र होतं. हजेरी सक्तीची. तिला सोडा म्हणून मी ऑफिसात दोनदा सांगितलं, पण यादीत नाव होतं. पेडण्याला घरी जाऊन, अंघोळ करून, न झोपता ती कदंबा बसनं परत आली. वक्त्या मनापासून बोलत होत्या. श्वास कसा घ्यायचा, खांदे कसे सैल सोडायचे, सगळं खरं आहे. मी स्वतः पहाटे प्राणायाम करते आणि मला त्याचा उपयोग होतो. मग त्यांनी डोळे मिटून शांत जागा आठवायला सांगितलं. दोन मिनिटांनी ती माझ्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, मला ट्रेच दिसतो."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तो आजार म्हटलेला नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलंय. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० सालीच, हातून चूक घडून हादरलेल्या डॉक्टरांना चुकीचा 'दुसरा बळी' म्हटलं होतं. आमच्या सत्रात ना कामाची जागा आली, ना हा बळी. ड्युटी लिस्ट कोणी पडद्यावर लावली नाही.

त्यानंतर मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. सलग नाइट चारच्या वर नाहीत, लिस्टमध्ये जागा रिकामी राहिली तरी नाहीत, आणि तशी राहिली की मेट्रनना लेखी कळवते. रात्री दोन ते चारच्या दरम्यान दोघींनी आलटून पालटून वीस मिनिटं बसून खायचं. औषधं भरत असलेल्या स्टाफला कोणी हाक मारायची नाही, हे मी नातेवाइकांनाही सांगते. ते चिडतात, पण सांगते.

ती मुलगी आता प्रत्येक ॲम्प्यूल तीन वेळा वाचते. तिची औषधांची फेरी अर्धा तास लांबते आणि बाकीच्या कुरकुरतात. ओपीडीत बदली मागणारा अर्ज तिनं माझ्याकडे दिलाय. तो अजून माझ्या खणात आहे. पुढे पाठवला तर वॉर्डातली सर्वांत खरी स्टाफ जाईल, आणि अडवून धरण्याचा मला काय हक्क?

केसीएल आता ट्रॉलीत नाही. कुलुपाच्या कपाटात, लाल पट्टी चिकटवलेल्या बिस्किटांच्या डब्यात असतं, आणि काढताना वहीत दोघींनी नाव वाचून सही करायची. मागच्या मंगळवारी वही चाळली. पहाटे चार चाळीसची नोंद होती, एकच सही. दुसरी स्टाफ रुग्णाबरोबर बांबोळीला गेली होती.