रनिंग फुटाचा भाव

स्वयंपाकघराचा ओटा करून घ्यायचा म्हटलं की ग्रॅनाइटवाला भाव सांगतो तो रनिंग फुटाचा. फूट, आणि तेही पळणारं! पण नाशकात हे ऐकून कुणी दचकत नाही. रुंदीकडे बघायचं नाही, नुसती लांबी मोजत जायची, ते रनिंग फूट. एवढं कडप्पा फरशी उचलणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी ‘रनिंग किती?’ विचारतो. कंत्राटदाराचं ‘रनिंग बिल’ कुठल्या तरी टेबलावर अडकलेलं असतं. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये भांडण लागलं की आमच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून त्याची ‘रनिंग कॉमेंट्री’ देतात. ज्यांनी इंग्रजीची पाचवीनंतर साथ सोडली, त्यांच्याही तोंडात हा शब्द असा बिनधास्त बसलेला असतो.

‘रन’ हा इंग्रजीतला सगळ्यात कष्टाळू शब्द असावा. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५! पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने ही नोंद लावली आणि तिला त्याचे नऊ महिने गेले. एका शब्दाचं रीतसर बाळंतपणच केलं म्हणायचं.

योगायोग बघा, त्याच १९२८ साली इकडे नाशिकरोडला नोटांचा छापखाना सुरू झाला. तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. छापखान्यात एका खेपेला जेवढा माल निघतो तो ‘प्रिंट रन’. लोक धास्तावून एकाच दिवशी ठेवी काढायला बँकेच्या दारात लोटले, तर तो ‘बँक रन’. आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्या पाकिटाचं जे होतं, ते ‘रन आउट’. नोटेच्या जन्मापासून तेराव्यापर्यंत एकच भटजी.

एका शब्दाच्या मागे इतकं काम लागलं त्याला कारण मुख्यतः यंत्रं, असं मला वाटतं. माणूस आणि घोडा एवढेच पळत होते तोवर अर्थ हाताच्या बोटांवर मावले असते. मग गिरण्या आल्या, आगगाडी आली, मोटार आली, शेवटी कॉम्प्युटर आला. आणि जे जे फिरतं, हलतं, सुरू राहतं त्या सगळ्याला इंग्रजांनी पळायला लावलं. कारखाना पळतो, बातमी पेपरात पळते, प्रोग्रॅम पळतो, नळाचं पाणी पळतं, मोर्चासुद्धा वर्षानुवर्षं पळणाऱ्या प्रश्नावर निघतो.

आपल्याकडे मात्र हे सगळं चालतं. गिरणी चालते, दुकान चालतं, नाटक चालतं, संसार चालतो, सरकारही कसंबसं चालतं. रविवार कारंजावरचा दुकानदार ‘धंदा चाललाय’ म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. ‘धंदा पळालाय’ म्हणाला असता तर आपण त्याला चहा पाजून धीर दिला असता. मराठीत एखादी गोष्ट पळायला लागली की काहीतरी बिघडलेलं असतं. घड्याळ पळतं म्हणजे ते दुरुस्तीला टाकायचं. झोप पळते, तोंडचं पाणी पळतं, वर्गातली पोरं पळतात. आमच्या भाषेला पळण्याचा मुळातच संशय आहे. उलट चालण्यावर तिची माया इतकी, की पसंतीपासून नाइलाजापर्यंत सगळ्या छटा ‘चालेल’ या एका शब्दात भागतात.

निवडणुकीत तर गंमतच होते. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. आपण साहेबाकडून शिकलो म्हणून असेल किंवा आपल्या स्वभावाला तेच मानवतं म्हणून असेल, पण आपला उमेदवारही उभाच राहतो. आधी उभा राहतो, मग लोकांच्या पाया पडतो, मग एक तर निवडून येतो नाहीतर नुसताच पडतो. पळापळ सुरू होते ती निकालानंतर.

सरकारी आणि रेल्वेच्या मराठीने मात्र चालणं सोडून धावणं धरलं. ‘गाडी चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे,’ ही घोषणा ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला माझा दंडवत. मुंबईहून निघालेली गाडी घाट चढण्याआधी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची म्हणून कसाऱ्याला निवांत उभी असते. डब्यातली माणसं वडापाव संपवून हात पुसत असतात. आणि इथे नाशिकरोडच्या फलाटावर ती धावत असते, तेही उशिराने.

माझी नोकरी अंबडच्या एमआयडीसीत, क्वालिटी विभागात गेली. तिथे ‘रन’चे वेगळेच अवतार भेटले. प्लास्टिकच्या साच्यात वितळलेला माल ज्या चरातून पोकळीकडे जातो तो रनर. नवा जॉब, म्हणजे कारखान्यात बनवायचा नवा भाग, पक्का करण्याआधी घ्यायचा तो ट्रायल रन. पण माझा खरा लोभ जडला तो ‘रनआउट’वर. आयटीआय करून आलेला एक पोरगा पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी आला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, ‘साहेब, लाइनवाले म्हणतात शाफ्ट रनआउट आहे. म्हणजे आता तो बाद?’ क्रिकेटच्या हिशेबाने त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला इन्स्पेक्शन टेबलापाशी नेलं. शाफ्टची दोन टोकं दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवली, डायलची, म्हणजे काट्याच्या मापयंत्राची, टोकाची घुंडी मधोमध पृष्ठभागाला टेकवली, काटा शून्यावर आणला आणि सांगितलं, आता हलक्या हाताने एक पूर्ण फेरा फिरव. त्याने श्वास रोखून फिरवला. काटा शून्यावरून सरकत तीन रेघा पुढे गेला, तिथे जरा रेंगाळला आणि परत येऊन शून्याला लागला. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ‘तीन रेघा. ड्रॉइंग किती सोडतं?’ त्याने कागद उलगडून बघितलं : पाच. ‘मग नॉटआउट,’ मी म्हणालो. तो इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने उरलेला सगळा लॉट एकट्याने तपासला. डोळ्याला आरशासारखा सरळ दिसणारा शाफ्ट फिरताना किती झोकांड्या खातो, ते असं काट्याशिवाय कळत नाही. त्या झोकांडीला ‘रन’ म्हणणाऱ्या इंग्रजाच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, पण सहाशेपंचेचाळिसातला हा अर्थ मला सर्वांत जवळचा.

आता एवढं ऐकून कुणी म्हणेल, मराठी बापडी चालतच राहिली. तसं नाही हो. आपल्या ‘धाव’नेही कमी घरं पुजलेली नाहीत, फक्त तिची नोंद लावायला कुणी नऊ महिने बसलं नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. निफाडला आमच्या मामांच्या मळ्यात जुनी विहीर होती. तिच्या काठापासून उतरत गेलेली एक दाबून घट्ट झालेली वाट होती. मोट ओढताना बैल जिच्यावरून जायचे, ती विहिरीची धाव. मोट कधीच बंद झाली, इंजिन आलं, मग मोटर आली, तरी मामी ‘धावेवर शेण वाळत घातलंय’ असंच म्हणायची. शिवणाच्या तासाला मुलींना पहिला टाका शिकवतात तो धावदोरा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पाहुण्यांची धावती भेट. संकटात जो येतो तो धावून येतो, आणि रागात जो येतो तोही अंगावर धावूनच येतो. फरक आपल्याला पोचल्यावर कळतो.

आणि धावा! काळारामाच्या दारात म्हातारी धावा करते, तिचा नातू शेजारच्या गल्लीत प्लास्टिकच्या बॉलवर धावा करतो. व्याकरण एक, कर्म एक, देव वेगळे.

मुळाशी गेलं तर आणखी मजा आहे. संस्कृतमध्ये ‘धाव्’ धातूला पाणिनीय धातुपाठाने दोन अर्थ दिलेत, गती आणि शुद्धी. म्हणजे पळणं आणि धुणं. ‘दंतधावन’ शब्द शाळेत पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या अख्ख्या वर्गाला दातांची शर्यत दिसली होती. ती शर्यत नसून घासणी होती, हे मास्तरांनी सांगितलं. पण धातू तोच, हे काही सांगितलं नाही. इंग्रजी ‘रन’चंही मूळ असंच ओलं आहे. त्याच्या जर्मन भावंडाचा, ‘रिनेन’चा, अर्थ आजही वाहणं असाच आहे. तेव्हा इंग्रजीत नदी पळते ती काही कवीची करामत नव्हे. ब्रह्मगिरीवरून निघून १,४६५ किलोमीटरवरच्या समुद्राला मिळणारी गोदावरी त्यांच्या भाषेत ‘रन’ होते, आणि सर्दी झालेलं नाकही ‘रन’ होतं. नाकाच्या बाबतीत आपणही भेद करत नाही. नदीही वाहते आणि नाकही वाहतं. मोठ्या भाषांना असल्या बाबतीत लाज नसते.

या सगळ्या गर्दीत दोन पायांनी पळणं हा अर्थ बिचारा कुठल्या कुठे दबून गेला. तो ज्यांनी सांभाळला त्यात आमच्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने ब्राँझ मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. डोंगरपाड्यावरच्या वाटांवर पळून तयार झालेली ही मुलगी. आणि लोकांनी कौतुकाने तिला नाव काय दिलं? सावरपाडा एक्स्प्रेस! पळण्याचा शब्द माणसाकडून आगगाडीने उसना घेतला, आणि आता माणूस चांगलं पळतं हे सांगायला आपल्याला आगगाडीचं नाव लागतं. व्याजासकट परतफेड.

मीही हल्ली सकाळी अनंत कान्हेरे मैदानावर ‘रनिंग’ला जातो. या मैदानाला सगळं नाशिक गोल्फ क्लब म्हणतं आणि तिथे गोल्फ सोडून सगळं चालतं. आमचा ग्रुप साठीच्या पुढचा. कुणाचे गुडघे, कुणाची अँजिओप्लास्टी. त्यामुळे पहिला अर्धा फेरा झपझप, पुढचे निवडणूक, कांद्याचा भाव आणि सुनांचं कौतुक या वेगाने. परवा जोशींनी फोन काढून दाखवला. त्यांच्या मुलीने पुण्याहून त्यात अ‍ॅप टाकून दिलंय. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, आजचा रन पूर्ण.

‘पण आपण तर चालत होतो,’ मी म्हणालो.

‘चालतंय की,’ म्हणून जोशींनी फोन खिशात टाकला आणि मिसळीच्या दिशेने खरोखरच पळत सुटले.