बडोद्यात बसून केलेली डिस्नेच्या जेवणाची नोंदणी

फ्लोरिडातल्या ऑर्लँडो येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले, तेव्हा व्हिसापेक्षाही जास्त डोके जेवणाच्या टेबलांनी खाल्ले. तिथल्या रेस्टॉरंटांची आगाऊ नोंदणी 60 दिवस आधी खुली होते आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यातले ‘सिंड्रेलाज रॉयल टेबल’ किंवा तिथल्याच एप्कॉट या उद्यानातले अंतराळस्थानकाच्या थाटाचे ‘स्पेस 220’ यांच्या सोयीच्या वेळा बघता बघता संपतात.

आपल्याकडून नोंदणी करताना पहिला हिशेब वेळेचा असतो. ऑनलाइन नोंदणी तिथल्या पहाटे सहाला उघडते. म्हणजे तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडे दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेतल्या लोकांना त्यासाठी गजर लावून उठावे लागते. मी दांडिया बाजारातल्या घरी वामकुक्षी आटोपून आरामात लॅपटॉपपुढे बसले. कार्डावरचे परदेशी व्यवहार मात्र बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवले होते, कारण सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाचे पैसे आधीच भरावे लागतात.

डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना आगमनाच्या 60 दिवस आधी मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची नोंदणी एकदम करता येते, हे कळल्यावर मी सगळी यादीच उलटी केली. सर्वांत दुर्मीळ जेवण मुक्कामाच्या अखेरीस ठेवले, कारण त्या तारखा बाहेर राहणाऱ्यांसाठी तेव्हा उघडलेल्याच नसतात. किल्ल्यातले टेबल त्यामुळेच मिळाले, असे माझे ठाम मत आहे.

अडले ते ‘सना’पाशी. प्राण्यांच्या कुरणालगतच्या ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या या रेस्टॉरंटात आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय चवीची जोड आहे, नानबरोबर काकडीची कोशिंबीर आणि आंब्याची चटणी मिळते, आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी असल्याने ते मला हवेच होते. तिथे टेबल दिसेना, म्हणून टूरिंगप्लॅन्स या डिस्ने सहलींच्या नियोजनाच्या संकेतस्थळाच्या शोधसाधनावर तारीख, वेळ आणि माणसांची संख्या भरून ठेवली. ऐन वेळी रद्द केल्यास किंवा न गेल्यास बहुतेक ठिकाणी माणशी 10 डॉलर कापले जात असल्यामुळे लोक मुदतीआधी नोंदणी सोडतात, आणि अशी जागा सुटली की हे साधन सूचना पाठवते. टेबल धरायचे काम मात्र आपणच करायचे असते, तेही तत्काळ. सूचना आली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. कोपराने फोन पुढे सरकवून सुनेला हाक मारली आणि तिने लगेच नोंदणी पक्की केली.

खिडकीजवळची जागा आधी राखून ठेवता येत नाही. तिथे पोहोचल्यावर विनंती केली, थोडे थांबलो, आणि सासूबाईंना चरणारे जिराफ समोर दिसतील अशी खुर्ची मिळाली.