आमची वाटचाल: ‘साधारण दोनशे’ चालत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या वाड्याच्या मागच्या खोलीत सासूबाई मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकायच्या. गिऱ्हाईक म्हणजे ओळखीची मराठी घरं, नाहीतर पुण्या-मुंबईला लेक दिलेल्या आया. 2009 साली सासूबाईंचे गुडघे गेले आणि काम माझ्याकडे आलं. मी गोडा मसाला वाढवला, मग ह्यांच्या आग्रहाने जीरावण. इंदूरमध्ये राहून पोह्यांवर भुरभुरायचं जीरावण विकायचं नाही हे त्यांना पटेना, आणि खरं सांगायचं तर आज निम्मी विक्री त्याचीच आहे. सियागंजच्या बाजारातून माल आणायचा, घरी निवडायचा, भाजायचा, दळायचा. बाकी वाटचाल कुठल्याही मसालेवाल्याची असते तशीच: कर्ज, धण्याचे भाव, पावसाळ्यातली बुरशी. त्यावर आणखी काय लिहायचं?

सध्या आम्ही सात जणी आहोत. सातवीला डाउन सिंड्रोम आहे. ती आली तेव्हा वीस वर्षांची होती.

तिचे वडील मागच्याच गल्लीत राहतात. शाळा सुटून दोन वर्षं ती घरात बसून होती. एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, “वहिनी, पैसे काही नकोत. चार तास कुठे रमली तर तिच्या आईला जरा मोकळीक.” मी हो म्हटलं ते शेजारधर्म म्हणून. मनात होतं, बसेल कोपऱ्यात, चार लेबलं चिकटवेल.

आमच्याकडच्या बायकांनी पहिल्या दिवशी विचारलं, याची लागण होते का? दुसरीने सांगून टाकलं की आईने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. मी तिच्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आणि जिऱ्याची पाटी निवडता निवडता त्यांना सांगितलं. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, हिच्यात एकविसाव्या जोडीत एक जास्तीचं आहे. 1959 साली फ्रान्समध्ये हे सापडलं. बहुतेक वेळा हा निव्वळ योगायोग असतो; आईच्या हातून काही घडलेलं नसतं. बायकांनी ऐकून घेतलं. ग्रहणवालीला पटलं की नाही माहीत नाही, पण तिने विषय पुन्हा काढला नाही. खाद्यपदार्थाचं काम म्हणून सगळ्यांची वर्षातून एकदा तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. तिथे तिचं नाव पाहून आधी कुरकुर झाली. पण त्या तपासणीत संसर्गाचा आजार आहे का एवढंच बघतात. तो तिला नव्हता, दाखला मिळाला.

आता काट्याची गोष्ट. लेबलं तिने आठवड्यात संपवली आणि काट्याजवळ येऊन उभी राहायला लागली. म्हणून मसाल्याचं पाकीट भरताना काट्यावर 200 ग्रॅम दिसलं की थांबायचं, असं शिकवलं. ती थांबायची, पण 201 दिसलं की चिमूटभर काढायची, 199 झालं की चिमूटभर घालायची. एका पाकिटाला पाच मिनिटं! मी म्हणायचे, “अगं, साधारण दोनशे.” ती माझ्याकडे बघायची. साधारण हा आकडा तिच्या काट्यावर कुठेच नव्हता.

शेवटी माझ्या मुलाने पुठ्ठ्यावर 200, 201, 202, 203 असे चार आकडे मोठे लिहून काट्याशेजारी चिकटवले. यातला कुठलाही दिसला की पाकीट पुढे. दुसऱ्या दिवसापासून हात चालायला लागला. तिची बोटं आखूड आहेत, स्नायू जात्याच सैल, म्हणून हाताने दाबायचं सीलिंग मशीन तिला जड जायचं. पायाने दाबायचं आणलं. ते नंतर सगळ्यांनीच पळवलं, ही गोष्ट वेगळी. तिचा पुठ्ठा लागल्यावर आम्ही बाकीच्या पाकिटांचं वजन करून पाहिलं, तर आमचं ‘साधारण दोनशे’ 194 पासून 215 पर्यंत पसरलेलं निघालं. म्हणजे कुणाला चोरून कमी देत होतो आणि कुणाला फुकट वाटत होतो. आता चारही काट्यांशेजारी पुठ्ठे आहेत.

कचऱ्याच्या बाबतीतही तिचं असंच. ओला कुठे, सुका कुठे यात चूक झाली तर ती अख्खा डबा उलटा करते. कचरागाडीवाला भिया तिला ओळखतो.

सगळं असंच सुरळीत नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ती काट्यासमोर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागली. चेहरा सुजलेला, बोलणं कमी. मी एकदा सगळ्यांसमोर ओरडले, “काम करायचं नसेल तर घरी राहा.” ती काही बोलली नाही. तिच्या आईने रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड निघाला. डाउन असलेल्यांना तो बऱ्याचदा होतो, वर्षातून एकदा तपासायला हवा, हे मला तेव्हा कळलं. गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यात ती पहिल्यासारखी झाली. मी माफी मागितली. ती “हो” म्हणाली, एवढंच. त्याच धावपळीत ‘निरामय’ विम्याची माहिती मिळाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या सरकारी नॅशनल ट्रस्टची योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत उपचार, आधीपासूनच्या आजारांसकट. वीस वर्षांत तिच्या वडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पगार. पहिल्या महिन्याच्या सात तारखेला मी सगळ्यांबरोबर तिच्याही हातात पाकीट दिलं. संध्याकाळी वडील तेच पाकीट घेऊन दारात. “वहिनी, हे ठेवा. तुमचे उपकारच आहेत.” मी परत दिलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात ते आले तेव्हा ती त्यांच्या मागे उभी होती. तिने पाकीट ओढून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, माझं आहे.” त्यानंतर ते पाकीट घेऊन आले नाहीत.

खातं उघडायला गेलो तर बँकेने कायदेशीर पालकाचा कागद मागितला. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती तो देते. कागद मिळेपर्यंत पाकीटच चाललं. आमच्या सीएंनी मला एकदा हळूच सांगितलं की 1948 च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांच्या वेतनाला सूट द्यायची मुभा सरकारला ठेवली होती. मला ते वाचून कसंतरीच झालं. पण त्यांच्यासमोर फार तोंड वर करायची माझीही सोय नव्हती, कारण मी तिला पाकिटांच्या हिशोबाने देत होते. बाकीच्या दिवसाला दीडशे भरतात, ती सत्तर-ऐंशी. पुढे मी ते तासांवर आणलं.

दरवर्षी 21 मार्चला, जागतिक डाउन सिंड्रोम दिनाला, कुणी ना कुणी फोटो काढायला येतं. तिला आवडतं, त्या दिवसाच्या पद्धतीप्रमाणे दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून येते. पूर्वी मीही हौसेने उभी राहायचे. आता आधी विचारते, मसाला किती किलो घेणार?

या दिवाळीत नवीन मुलगी कामाला घेतली. पगाराच्या दिवशी तिने आपली नोट दर नोट सगळ्यांसमोर मोजली. आमची सातवी शेजारीच होती. तिने ऐकलं, काहीतरी जुळवलं, आणि माझ्या टेबलाशी आली.

“काकू, तिला जास्त का?”

मी म्हटलं, ती आठ तास येते, तू पाच.

“मी पण आठ.”

पाचच्या वर तिचे पाय दुखतात, हे तिची आई सांगते. तिला विचारलं तर ती नाही म्हणते. येत्या सोमवारपासून सहा तास करून बघणार आहोत.